'स्पूकी' म्हणजे भयानक?

– 'द हाउस लुक्स स्पूकी ॲट नाइट' याचं भाषांतर 'ते घर रात्री भयानक दिसतं' असं केलं तर चालेल का?

– नाही चालणार. भयानक म्हटलं की धोका समोर दिसतो: भयानक आग, भयानक अपघात. स्पूकीत समोर काहीच नसतं, नुसता संशय असतो. डच भाषेत 'स्पूक' म्हणजे भूत. तिथून एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा शब्द अमेरिकन इंग्रजीत आला. म्हणून 'रात्री ते घर झपाटल्यासारखं वाटतं' असं करावं.

– क्रियापद मात्र वेगळं. 'द हॉर्स स्पूक्ड' म्हणजे घोडा बुजला. 'घाबरला' लिहिलंत तर कान टवकारून एकदम बाजूला उडी घेणं त्यात येत नाही. बुजणं इतकं नेमकं बसतं की दुसरा शब्द शोधूच नये. आपलं बुजगावणंही त्यातलंच. बाजाराच्या बातमीत गुंतवणूकदार 'स्पूक' झाले तर ते धास्तावले.

– मग 'ईरी' (eerie) हा शब्द?

– त्याला भुताची गरज नसते. हा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडचा शब्द. आधी तो भ्यालेल्या माणसाला लावत, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भिववणाऱ्या गोष्टीला. मराठीत पुढचं नाम बघून शब्द निवडा: शांतता भयाण, कोल्हेकुई भेसूर. 'भेसूर शांतता' कानाला खटकते, कारण भेसूरला आवाज नाहीतर चेहरा हवा.

– क्रीपीत भीतीपेक्षा किळस जास्त, अंगावरून झुरळ फिरल्यासारखी. माणसाला लावला तर 'भीतिदायक' साफ चूक. टक लावून बघणाऱ्या, नको तेवढी सलगी करणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे सरळ म्हणतात, 'त्याची नजर चांगली नाही.' तेच लिहावं.

– विज्ञानलेखनातलं एक उदाहरण. आइन्स्टाइननी 1947 साली भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्नना लिहिलेल्या पत्रात 'स्पुकहाफ्टे फर्नविर्कुंग' असा जर्मन शब्दप्रयोग आहे. इंग्रजीत त्याचं 'स्पूकी ॲक्शन ॲट अ डिस्टन्स' झालं. इथे भीतीचा संबंधच नाही. मध्ये काही दुवा नसताना इथल्या गोष्टीचा परिणाम तिथे व्हावा, हे त्यांना पटत नव्हतं. 'दुरून चालणारी भुताटकी' म्हटलं की त्यांची नाराजीही पोचते.

– नाम वापरताना जपा. 'स्पूक' बोलीत गुप्तहेरालाही म्हणतात, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी ती शिवी आहे. माणसाला उद्देशून तो शब्द लिहूच नये.