छत्री स्वतः बसवतोय : स्ट्रेंग्थ ८२, क्वालिटी शून्य. काय चुकतंय?

प्रश्न

नमस्कार. यंदा घरची टीव्हीची छत्री स्वतःच बसवायची ठरवलं. गच्चीच्या कठड्याला अँकर बोल्टने पाइप पक्का केला, त्यावर ६० सेंमीची छत्री चढवली, एलएनबी (छत्रीपुढचा, सिग्नल टिपणारा डबा) लावला आणि वायर खाली सेट-टॉप बॉक्सपर्यंत आणली. मोबाइलवरच्या ॲपने माझ्या जागेसाठी तीन आकडे दिले : दिशा १५३ अंश, उंची (क्षितिजापासून वर) ६४ अंश, एलएनबीचा तिरपेपणा २५ अंश.

दिशा कंपासने लावली. उंचीसाठी छत्रीच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत एक सरळ पट्टी धरली आणि ती उभ्या रेषेपासून ६४ अंश मागे कलेल इतकी छत्री वाकवली. स्क्रीनवर स्ट्रेंग्थ ८२ टक्के दिसते, क्वालिटी मात्र शून्याच्या वर येत नाही. दोन दिवस झाले, डावीकडे-उजवीकडे फिरवून दमलो. समोर आठेक मीटरवर एक झाड आहे, छत्रीपेक्षा साधारण ५ मीटर उंच. ते आड येत असेल का? की एलएनबीच खराब आहे?

उत्तर १

आधी झाडाला निर्दोष सोडा. आठ मीटरवरचं झाड छत्रीच्या वर ५ मीटर असेल तर ते क्षितिजापासून ३२ अंशांपर्यंतच पोचतं. तुमचा उपग्रह ६४ अंशांवर आहे, झाडाच्या कितीतरी वर. तीन मीटरवर एखादी भिंत छत्रीच्या वर सहा मीटर उभी असती तर काळजी होती.

एलएनबीही बहुधा ठीक आहे. स्ट्रेंग्थ ८२ म्हणजे उपग्रह सापडला असं अजिबात नाही. एलएनबीला वीज मिळतेय आणि त्यातून काहीतरी खाली येतंय, एवढंच तो आकडा सांगतो. रिकाम्या आकाशाकडे बघतानाही एलएनबीची स्वतःची खरखर बॉक्सपर्यंत येते आणि स्ट्रेंग्थ भरलेली दिसते. क्वालिटी तेव्हाच हलते, जेव्हा बॉक्सला त्या खरखरीतून खरा सिग्नल ओळखता येतो. म्हणून यापुढे स्ट्रेंग्थकडे पाहूच नका.

चूक पट्टीत आहे. मी अगदी सुरुवातीला तीन मीटरची जाळीची गोल छत्री बसवायला शिकलो. तिचा एलएनबी बरोबर मधोमध, नाकासमोर असतो. तिचं तोंड जिकडे, तिकडेच तिची नजर. तुमची लहान छत्री तशी नाही. तिचा एलएनबी खालून पुढे आलेल्या दांड्यावर आहे, म्हणजे ती ऑफसेट जातीची आहे. ती दिसते त्यापेक्षा बरीच वर बघते. तुम्ही तोंडच ६४ अंशांवर नेलंत, त्यामुळे तिची नजर आता जवळजवळ थेट डोक्यावर गेली आहे.

किती वर बघते ते मोजता येतं. छत्रीची रुंदी आणि उंची टेपने घ्या. अशा छत्र्या रुंदीपेक्षा उंचीला थोड्या जास्त असतात. समजा रुंदी ६० आणि उंची ६५.५ सेंमी भरली, तर रुंदी भागिले उंची ०.९१६, आणि ज्या कोनाचा कोसाइन इतका येतो तो कोन साडेतेवीस अंशांच्या आसपास. तेवढा ६४ मधून वजा करा. म्हणजे तुमची पट्टी उभ्या रेषेपासून चाळीस अंशच मागे कलायला हवी. मागच्या क्लॅम्पवर अंशांच्या खुणा असतील तर बहुतेकदा तो फरक त्यांत आधीच धरलेला असतो, तिथे सरळ ६४ वर आणा. पण त्या खुणा खऱ्या ठरतात त्या पाइप ओळंब्यात असेल तरच. पाइपला ओळंबा लावा, एकदा समोरून आणि एकदा बाजूने. पाइप तिरका असेल तर छत्री आडवी फिरवताना उंचीही आपोआप बदलत राहते आणि माणूस दोन दिवस आकाशात चाचपडतो.

आता फिरवायची पद्धत. ६० सेंमीच्या छत्रीची नजर साधारण ३ अंश रुंद असते. उपग्रह इतका उंच असताना पाइपभोवती १ अंश फिरवलं तर नजर आकाशात अर्ध्या अंशापेक्षाही कमी सरकते. त्यामुळे आडव्या चुकीला तुमच्याकडे भरपूर माफी आहे, उभ्या चुकीला नाही. पट्टी ४० वर ठेवून छत्री सावकाश फिरवा, दर दोन अंशांनी थांबा, बॉक्सला तीन-चार सेकंद द्या. सापडलं नाही तर उंची १ अंश बदलून पुन्हा फिरवा. खाली कुणाला तरी टीव्हीसमोर बसवा आणि फोनवर फक्त क्वालिटीचा आकडा मोठ्याने वाचायला सांगा.

आणि फिरवण्याआधी बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबीचा प्रकार बघून घ्या. युनिव्हर्सल एलएनबी असेल तर ९७५० आणि १०६०० हे आकडे हवेत. ते चुकीचे असतील तर छत्री अगदी बरोबर लागूनही क्वालिटी शून्यच राहील.

उत्तर २

वरचं सगळं पटलं. फक्त कंपासबद्दल एक. कठड्याचे गज, लोखंडी पाइप, छत्रीचा पत्रा, यांच्याजवळ सुई भलतीकडे जाते. पाइपपासून चार-पाच पावलं मागे जाऊन दिशा घ्या आणि दूरची एखादी खूण पकडून ठेवा. शिवाय ॲपमध्ये खरी उत्तर की चुंबकीय उत्तर तेही तपासा.

मी सूर्यावर जास्त भरवसा ठेवतो. सूर्य कोणत्या क्षणी १५३ अंशांच्या दिशेला येतो ते ॲपमध्ये बघायचं आणि त्या मिनिटाला एलएनबीच्या दांड्याची सावली छत्रीच्या उभ्या मध्यरेषेवर आणायची. लोखंड कितीही असो, सावली फसवत नाही. तुमचे आकडे साधारण २० अंश उत्तर अक्षांशाचे वाटतात. तिथे जूनमध्ये भर दुपारचा सूर्य उत्तरेला गेलेला असतो, तेवढे आठवडे हा उपाय चालणार नाही.

प्रश्न विचारणारा

सापडलं! रुंदी ६०, उंची ६५.५ च भरली. पाइप बाजूने पाहिला तर ओळंब्यातून बोटभर बाहेर होता, वॉशर घालून सरळ केला. पट्टी ४० वर आणली आणि तिसऱ्याच थांब्यावर बायको खालून ओरडली, “एकतीस!” त्या क्षणाचा आनंद सांगता येत नाही.

आता क्वालिटी ५२ पर्यंत जाते, पण निम्मी चॅनेल दिसतात आणि निम्मी नाहीत. एलएनबीचा २५ अंशांचा तिरपेपणा कोणत्या बाजूला द्यायचा ते कळलं नव्हतं, म्हणून तो सरळच ठेवला होता.

उत्तर १

अभिनंदन! निम्मी चॅनेल जाण्याचं कारण बहुधा तेच. उपग्रह आडव्या आणि उभ्या अशा दोन ध्रुवीकरणांत, म्हणजे लहरी थरथरण्याच्या दोन दिशांत, सिग्नल पाठवतो. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन त्यातलं एक निवडतो. एलएनबी सरळ असेल तर एकाचा सिग्नल दुसऱ्यात मिसळतो आणि जी चॅनेल आधीच कमजोर, ती पडतात.

बाजू लक्षात ठेवायला आकाशातली कमान डोळ्यांसमोर आणा. छत्रीवर दिसणारे टीव्हीचे सगळे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ३५,७८६ किलोमीटरवर एका ओळीत आहेत. उत्तर गोलार्धातून ती ओळ दक्षिणेला सर्वांत उंच आणि पूर्वेला-पश्चिमेला उतरलेली दिसते. तुमचा उपग्रह दक्षिणेपासून पूर्वेकडे आहे, म्हणजे तिथे कमान डावीकडे उतरते आहे. एलएनबीही तसाच कलायला हवा. छत्रीच्या मागे उभं राहून, आकाशाकडे तोंड करून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने २५ अंश फिरवा.

मग नेमकं मधलं ठिकाण शोधा. क्वालिटी सर्वांत जास्त दिसते तिथेच घाईने थांबू नका. डावीकडे नेत ती पडायला लागते तिथे पाइपवर मार्करने खूण करा, उजवीकडेही तसंच, आणि छत्री दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये ठेवा. उंचीचंही तसंच करा. नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा आणि प्रत्येक वेळी आकडा विचारा. एकच बाजू एकदम कसली की छत्री हमखास सरकते.

उत्तर ३

वायरीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. टोकाला एफ-कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तांब्याला टेकू देऊ नका, शॉर्ट होतं. वायर काढण्या-लावण्यापूर्वी बॉक्सची वीज बंद करा. एलएनबीपाशी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी जोडात न शिरता झोळाच्या तळाशी ठिबकेल. जोडावर रबरासारखी, स्वतःलाच चिकटणारी टेप ताणून गुंडाळा. साधी विजेची टेप उन्हात सुटते.

प्रश्न विचारणारा

एलएनबी फिरवला, सगळी चॅनेल आली. नट कसल्यावर क्वालिटी ७८. जोडांना टेप उद्या उजेडात लावतो, आज अंधार पडला.