केसांच्या निर्यातीवर 65 डॉलरची अट: बरोबर की उगाच?

गोदाकाठ: किलोला 65 डॉलरच्या खाली कच्चे केस बाहेर पाठवायचे नाहीत, ही सरकारची अट एकदम करेक्ट. आपला कचरा स्वस्तात चीनला द्यायचा आणि विग त्यांनी विकायचे, पुरे झालं आता.

कार्टनवाला: कचरा?? कधी बंडल हातात घेतलंय का? धुवायचं, वाळवायचं, लांबीप्रमाणे लावायचं, मुळं एका बाजूला टोकं दुसऱ्या, वर रबर. जरा ओल राहिली की बुरशी. माझा एक माल तपासणीला उघडला, साहेबांनी तीन बंडलं सोडून हातात घोळवली आणि तशीच कोंबली. मुळं-टोकं मिसळली की रेमीचा (सगळे केस एकाच दिशेचे) नॉन-रेमी होतो, विंचरला की गुंता. गिऱ्हाइकाने अख्खा कार्टन नाकारला. 2022 च्या जानेवारीत निर्यात रिस्ट्रिक्टेड, म्हणजे परवान्याशिवाय बंद केली तेव्हापासून नुसते कागदच नाचवतोय.

गोदाकाठ: तुमचा रेमी महागच जातो हो, त्याला 65 चा काय त्रास? मी गोळीबद्दल, म्हणजे गळालेल्या केसांच्या गुंत्याबद्दल बोलतोय. ती मिझोरममधून चोरून म्यानमारला जायची. इथे कर्नाटकात कोप्पळला, बंगालमध्ये बेलडांग्याला गुंता सोडवणाऱ्या बायका रिकाम्या बसल्या, त्यांचं काय?

मुक्ता: बायकांचा कळवळा आलाय तर माझ्या आईचं ऐका. वर्षभर खिडकीच्या गजात गुंतवळ खोचून ठेवायची. "केसांवर भांडीऽऽ" ऐकू आलं की धावायची. मिळायचं काय, तर एक स्टीलचा चमचा, तोही दांडा वाकलेला.

रामराया: चमचा तरी मिळाला. तिरुपतीला भक्त फुकट देतो, देवस्थान लिलाव करतं!

कार्टनवाला: नवस आहे तो, मापात बोला.

रामराया: मापातच बोलतोय. ज्यू बायका लग्नानंतर विग घालतात ना, 2004 ला त्यांच्या धर्मगुरूंनी, रब्बींनी, हे केस मूर्तीला वाहिलेले म्हणून नको म्हटले, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लोकांनी रस्त्यावर विग जाळले. मग देवाला वाहिलेले की बाजारात विकलेले, एक काय ते ठरवा.

कार्टनवाला: मुंडण करणाऱ्याला विचारा, तो केस वाहत नाही, अहंकार सोडतो. उरलेल्या केसांच्या पैशाचं काय करायचं ते देवस्थान बघेल, तुमच्या का पोटात दुखतंय?

रामराया: अहंकाराचा भाव किलोला किती हो?

गोदाकाठ: धागा कशावर होता, आठवतंय का कुणाला?

कार्टनवाला: बरं बाबा, गोळीचं तुमचं खरं. घ्या, सत्कार करून घ्या. पण तपासणीला केस हाताळता येणारा एक तरी माणूस बसवा.

मुक्ता: आणि चमच्यालाही 65 डॉलरची अट लावा. आमचा अजून आहे, आमटी वाढताना उजवीकडे सांडते.