‘अधीन असणे’ म्हणजे ‘आज्ञा पाळणे’ का?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारात, रोमकरांस पत्र १३:१ मध्ये, प्रेषित पौल ‘अधिकाऱ्यांच्या अधीन असा’ म्हणतो. प्रेषितांची कृत्ये ५:२९ मध्ये येशूचा शिष्य पेत्र मात्र माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, असे यहुदी न्यायसभेला तोंडावर सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे का?

— नाही. पौलाचे क्रियापद ‘हुपोतास्सो’. ‘हुपो’ म्हणजे खाली, ‘तास्सो’ म्हणजे क्रमाने लावणे, नेमणे. सैन्य रांगेत उभे करण्यासाठीही ते वापरत. रोम १३:१-२ या दोनच वचनांत याच धातूपासून आलेले चार शब्द आहेत : अधीन असणे, ‘नेमलेले’ अधिकार, विरोधात उभे राहणे आणि देवाची ‘व्यवस्था’. मराठीत ही साखळी तुटते, म्हणून वाचकाला फक्त हुकूम ऐकू येतो. मुलांनी आईबापांचे ऐकावे (इफिस ६:१) तिथे क्रियापद ‘हुपाकुओ’ (ऐकणे), आणि पेत्राचे ‘पैथार्खेओ’ (सत्तेची आज्ञा मानणे). शिवाय इफिस ५:२१ मध्ये ‘एकमेकांच्या अधीन असा’ आहे. दोघे एकमेकांचे हुकूम पाळत बसतील कसे?

— भेद मान्य, पण ताणू नये. तीत ३:१ मध्ये अधिकाऱ्यांबाबत ‘हुपोतास्सो’ आणि ‘पैथार्खेओ’ शेजारीशेजारी आहेत. सर्वसाधारणपणे अधीन असणाऱ्याने आज्ञा पाळणेच अपेक्षित आहे. शब्दकोश एवढेच सांगतो की दोन्ही अर्थ तंतोतंत एक नाहीत. आज्ञा कुठे मोडायची हे त्यातून निघत नाही.

— ते कृत्ये ५ मधल्या घटनाक्रमातून निघते. उपदेश बंद करा हा हुकूम प्रेषित मोडतात. पण शिपाई न्यायला आले तेव्हा झटापट नाही. फटके खातात आणि बाहेर पडून पुन्हा उपदेश करतात. जुन्या करारातल्या दानीएल ३ मध्येही तिघे यहुदी राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत, राजावर हातही उचलत नाहीत. आज्ञा नाकारली, शिक्षा नाकारली नाही. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : असा माणूस स्वतःला पोलिसांच्या ‘स्वाधीन’ करतो. ‘सविनय कायदेभंग’मधल्या ‘सविनय’चा भारही इथेच आहे. १८ मार्च १९२२ला अहमदाबादच्या न्यायालयात गांधींनी गुन्हा कबूल करून जबर शिक्षा मागितली. ६ वर्षे मिळाली.

— म्हणूनच भाषांतरात किंवा प्रवचनात ‘अधीन’च्या जागी ‘आज्ञांकित’ घालू नये, ही माझी कळकळीची विनंती. त्या एका शब्दाने वर्णद्वेषी राजवटीला धर्माचे कवच मिळते. दक्षिण आफ्रिकेत हेच घडले, आणि तिथल्याच ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांच्या १९८५च्या ‘कैरोस’ निवेदनाने त्या वापराला ‘राज्याचे ईश्वरशास्त्र’ म्हणून नाकारले. रोम १३सोबत बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले प्रकटीकरण १३ वाचा, असा निवेदनाचा आग्रह होता. तिथे जुलमी सत्ता म्हणजे श्वापद आहे. आणि रोम १३:४ मध्ये अधिकारी देवाचा ‘सेवक’ आहे, तोही ‘तुझ्या हितासाठी’. वाद घालताना हे दोन शब्द नेमके गाळले जातात.

— १३:७ही पाहा. ज्याचे जे देणे ते द्या, म्हणून पौल चारच गोष्टी मोजतो : कर, जकात, धाक, मान. आज्ञापालन त्या यादीत नाही.