अनुभव धागा : ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती तुम्हाला कुठे भेटली?

डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४. जवळजवळ पाच वर्षं मधुराणी गोखले-प्रभुलकर यांची अरुंधती स्टार प्रवाहवर आपल्याकडे येत राहिली. कथा मूळची ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची, हिंदीत तिचीच ‘अनुपमा’ झाली, पण देशमुखांचा ‘समृद्धी’ बंगला मला कधी परका वाटला नाही. मालिका लांबली, भरकटली, हे सगळं बोलून झालंय. मला फक्त अरुंधतीबद्दल विचारायचंय. तिच्या कुठल्या वागण्यापाशी तुम्ही अडखळलात? कुठे चीड आली? माझं निरीक्षण असं की तिच्याबद्दल बोलायला बसलेली माणसं थोड्या वेळाने स्वतःच्या घराबद्दल बोलू लागतात. तेच इथे लिहा.

सुरुवात मी करते. नवरा अनिरुद्ध आणि संजनाचं प्रकरण अरुंधतीला कळलं, त्या दिवसांत मी रोज आईशेजारी बसून तावातावाने म्हणायचे, “अगं, निघून का जात नाही ही?” एकदा आई मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, “कुठे?” मला उत्तर देता आलं नाही. आईचं स्वतःचं बँक खातं बाबा गेल्यावर उघडलं, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. सही करताना तिचा हात इतका कापला की तिथल्या बाईंनी नवा फॉर्म दिला. अरुंधती महिनोन् महिने त्याच घरात थांबते, त्याला मी रटाळपणा म्हणत होते. ती त्या ‘कुठे’चं उत्तर शोधत होती, हे मला त्या मेथीच्या जुडीने शिकवलं.

*

मला मात्र तिचा राग यायचा, आणि तो का यायचा ते उशिरा कळलं. घटस्फोट झाला तरी हिचं समृद्धीत येणं-जाणं सुरूच. सासरे अप्पांना बरं नाही, मुलगी ईशाचं काही बिनसलंय, चालली ही धावत. वाटायचं, लेखकांनाच तिला त्या उंबरठ्यावरून हलू द्यायचं नाहीये.

माझाही घटस्फोट झालाय, परस्परसंमतीने. तारखा, थांबण्याचे महिने, समुपदेशन, सगळं रीतसर. त्यानंतर दीड वर्षाने सासऱ्यांचं ऑपरेशन झालं आणि मी तीन आठवडे त्यांना रोज डबा नेला. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही, माहेरी तर नाहीच. मुगाची खिचडी त्यांना फक्त माझ्या हातची चालायची. कोर्टाने माझं आणि त्याचं नातं संपवलं. सासऱ्यांचं काय करायचं, ते त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. अरुंधती अप्पांपुढे चहाचा कप ठेवायची तेव्हा मी खोलीतून उठून जायचे.

*

पुरुषाने लिहिलेलं चालेल ना? मी स्वतःला अरुंधतीचा मुलगा यश समजत होतो. आईच्या बाजूने बोलणारा, बाबांना तोंडावर सुनावणारा मुलगा. आमच्या घरी मी तसाच होतो, त्याचा अभिमानही होता.

एकदा मालिका बघता बघता बायको म्हणाली, “यश आईसाठी भांडतो, पण भांडून झाल्यावर ताट कोण उचलतं, बघितलंस का?” मला झोंबलं. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७, असं आलं होतं. आमचं काय होतं हे बघायला मी एका रविवारी वही घेऊन बसलो. माझी बेरीज ३५ मिनिटं. आईची तर मला धरताच येईना, कारण ती एक काम संपवून दुसरं सुरू करत नाही. कुकरची शिट्टी मोजता मोजता कपडे घडी करते, त्यातच नातवाचा पाढा ऐकते. ‘आई कुठे काय करते’ या वाक्याचा अर्थ मला त्या वहीत कळला. काम इतकं एकात एक मिसळलेलं असतं की बघणाऱ्याला ते कामच वाटत नाही.

*

अरुंधतीच्या सासूला, कांचनला, सगळ्यांनी शिव्या घातल्या. मी अडुसष्ट वर्षांची आहे, मीही सासू आहे. आपला मुलगा चुकतोय हे आईला सगळ्यात आधी दिसतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. मी माझ्या सुनेला अजून बोललेले नाही. एवढंच लिहिते.

*

अरुंधतीच्या आयुष्यात आशुतोष आला आणि मालिका ढासळली असं पुष्कळांचं मत आहे. आमच्याकडे उलट झालं. माझ्या आईने बावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न केलं. दादा आला नाही. आईने बरीच वर्षं ते लग्न एखादा गुन्हा असल्यासारखं सांभाळलं. फोटो कपाटात, भिंतीवर एकही नाही. २०२३मध्ये अरुंधती आणि आशुतोषचं लग्न दाखवलं, तेव्हा तिने शेजारच्या काकूंना मुद्दाम बघायला बोलावलं. अरुंधती मुलांसमोर मान खाली न घालता उभी होती, ते आईला कुणाला तरी दाखवायचं होतं. त्या आठवड्यात फोटो बाहेर आला. लहानसाच आहे, फ्रिजवर.

म्हणूनच पुढच्या वर्षी आशुतोषला अपघातात मारलं, ते मला अजून माफ करता येत नाही. तिला इतक्या कष्टाने जे मिळवून दिलं, ते हिसकावून पुन्हा सगळं सोसणारी बाई करून टाकली. पात्राचा प्रवास म्हणून बघितलं तरी ते मागे जाणं होतं. मालिका तेव्हा दुपारी अडीचला लागायची, मी नेमकी घरी होते. आईने रिमोट घेतला, टीव्ही बंद केला आणि कणीक मळायला लागली. काका, म्हणजे आईने ज्यांच्याशी लग्न केलं ते, आतल्या खोलीत झोपले होते. मळता मळता ती दोनदा हात धुऊन आत गेली आणि त्यांना उठवून विचारून आली, बरं वाटतंय ना.