मदत हवी आहे : सांगलीची हळद दुबईला पाठवायची आहे

नमस्कार मंडळी. आमची मिरज तालुक्यात छोटी हळद गिरणी आहे. राजापुरी हळकुंडं घेऊन पॉलिश करतो आणि पावडर दळतो. दुबईतल्या एका मराठी दुकानदारांनी नमुना मागवला, रंग-वास आवडला, आता नियमित माल मागतायत. रक्कम आमच्यासाठी मोठी आहे, त्यामुळे पाऊल नीट टाकायचंय.

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा कोड, काढलाय, ५०० रुपयांत ऑनलाइन झाला. मसाल्याच्या निर्यातीला स्पाइसेस बोर्डाची नोंदणी लागते, तो अर्ज भरतोय. खरी अडचण पुढे आहे. एका सल्लागाराने सगळं करून देतो म्हणून भरमसाट फी सांगितली. जिल्हा उद्योग केंद्र, महाराष्ट्र चेंबर (व्यापारी-उद्योजकांची संघटना) किंवा राज्याचं कृषी पणन मंडळ यांच्याकडून हेच मार्गदर्शन मिळत असेल तर ते पैसे मी पॅकिंग आणि तपासणीवर घालीन.

कुणी जिल्हा निर्यात प्रोत्साहन समितीकडे प्रत्यक्ष गेलंय का? तिथे खरेदीदाराची पत आणि पेमेंटची हमी याबद्दल कोणी बोलतं का, की फक्त योजनांची पत्रकं हातात देतात? पणन मंडळाचं पुण्यातलं निर्यात प्रशिक्षण फळं-भाजीपाल्यापुरतंच आहे, की आमच्यासारख्यांनाही उपयोगी पडेल?

आणखी एक. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या भागाच्या खास मालाची अधिकृत ओळख) मिळालं. पाकिटावर तो शिक्का छापायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती गिरणीवाल्याला मिळते की शेतकऱ्यालाच? शिसं आणि कुरकुमिन (हळदीतला पिवळा रंग देणारा घटक) यांच्या तपासणीसाठी भरवशाची प्रयोगशाळाही सुचवा. ज्यांनी स्वतः माल पाठवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.