मदत हवी आहे: पान नसताना सालई आणि मोई कशी ओळखावी?

नमस्कार मंडळी, मी किनवट भागात शिक्षक आहे. शाळेच्या पोरांना घेऊन रानातल्या पानगळीच्या झाडांची कुळवार वही करतोय. पळस शेंगेवरून शिंबी कुळात, धावडा अर्जुनाच्या कुळात, हे सोपं गेलं. सागाला जरा वेळ लागला. जुन्या पुस्तकात तो व्हर्बेनेसी कुळात आहे, आता तुळशीच्या कुळात धरतात. पोरांना ते पटेना! मग कोवळं पान चोळून हात लाल झाल्यावर निदान साग तरी कायमचा लक्षात राहिला.

अडलंय ते सालई आणि मोईपाशी. सालई गुग्गुळाच्या कुळातली, मोई आंब्याच्या. पानं असली की सालईच्या पर्णिकांची (एका देठावरच्या छोट्या पानांची) कड दातेरी, मोईची साधी. पण मार्चमध्ये दोन्ही उघडी. परवा एका खोडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा हातात आला, खाली हिरवट साल होती. मी सालई लिहिलं, पण शेजारच्या जुन्या खोडाचेही जाड खपले निघत होते.

झाडाला घाव न घालता, नुसती साल, फांदीवरचे डोळे (पालवीचे कोंब) आणि वाळकी फळं बघून नक्की कसं ठरवता? जाणकारांनी कृपया सांगावं, वहीची ती दोन पानं कोरीच ठेवलीत.