विषय: डिचोलीच्या घराचा स्लॅब, मजुरीचा दर किती धरावा?

नमस्कार मंडळी,
डिचोलीच्या घराला मागून दोन खोल्या वाढवतोय. चिऱ्याच्या भिंती झाल्या, आता ६०० चौरस फुटांचा स्लॅब टाकायचा आहे, पाच इंची. सामान आपलं, मजुरी कंत्राटदाराची. तिघांनी चौरस फुटाला ९५, १४० आणि १८५ रुपये असे दर दिलेत. आई म्हणते, ९५ वाला ओळखीचा आहे, त्यालाच दे. मी इथे दुबईत, आणि बाबांना शिडी चढवत नाही. पावसाच्या आधी काम उरकायचंय. फोंड्याचे काका, तुम्ही परत जाऊन घर बांधलंत. रास्त दर कोणता?

---

बाळा,
आधी तिघांना एकच प्रश्न विचार: दरात काय काय धरलंय? साच्याच्या प्लेटा आणि त्यांना खालून धरणारे टेकू त्यांचे का? मिक्सर, व्हायब्रेटर, माल वर चढवायची लिफ्ट, डिझेल कोणाचं? सळई कापून बांधायची मजुरी यातच, की किलोवर वेगळी? आणि बीम कसे मोजणार? माझ्या घरी स्वस्त दर पाहून काम दिलं. बिलात बीम रनिंग फुटावर वेगळे लागले, छज्जा वेगळा लागला, आणि शेवटी महागवाल्याएवढेच पैसे गेले.

मग हजेऱ्या मोज. माझ्या वहीत जवळपास तुझ्याएवढ्याच स्लॅबचा हिशेब आहे. सेंट्रिंगला, म्हणजे साचा उभारायला, चार माणसं पाच दिवस म्हणजे २०, सळईला तिघं तीन दिवस म्हणजे ९, ओतायच्या दिवशी १४, प्लेटा काढायला ३. एकूण ४६ हजेऱ्या. मिस्त्री आणि मजूर मिळून सरासरी ९५० रुपये पडले, म्हणजे ४३,७००. प्लेटा-टेकूंचं भाडं १२,००० आणि यंत्रं ९,०००. झाले ६४,७००, आणि यात कंत्राटदाराला अजून एक पैसा मिळालेला नाही. ९५ च्या दराने त्याला ५७,००० मिळणार. उरलेले कुठून काढेल? मजुराच्या हजेरीतून, नाहीतर तुझ्या स्लॅबमधून.

माझ्या स्लॅबमधूनच काढले. दुसऱ्या साइटवर प्लेटा हव्या होत्या म्हणून सहाव्या दिवशी टेकू काढून नेले. स्वयंपाकघरात मान वर केली तर एका कोपऱ्यात सळई उघडी दिसत होती, सळई साच्यापासून उचलून धरणारे कव्हर ब्लॉकच खाली ठेवले नव्हते. पहिल्याच पावसात तिथून गंजाचा तांबूस ओघळ भिंतीवर उतरला. चार वर्षं झाली, दर पावसाळ्यात तो कोपरा बघून जीव तुटतो.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू किमान ७ दिवस हवेत, त्याहून मोठा असेल तर १४. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालीही १४ दिवस. पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल तर पाणी किमान १० दिवस मारायचं. हे कागदावर लिहून घे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत सेंट्रिंग, सळई आणि काँक्रीट वेगवेगळं मोजतात, तूही दर तसाच फोडून माग. उचल थोडीच दे. सळई बांधून झाली की इंजिनिअरला दाखव, मगच पुढचा हप्ता. शेवटचा हप्ता टेकू निघेपर्यंत हातात ठेव. आणि ओतायच्या दिवशी माणसांचं जेवण आपल्याकडून कर, ती सकाळी सातपासून राबतात.

---

काका,
विचारलं. ९५ वाला मिक्सर, लिफ्ट आणि बीम वेगळे लावणार, आणि प्लेटा सातव्या दिवशी नेणार म्हणाला. १४० वाल्याचं सगळं त्यातच आहे, सळईसुद्धा, आणि १४ दिवसांचं लिहून द्यायला तो तयार आहे. १८५ वाल्याला फोड विचारली तर त्याने फोन ठेवला. १४० वाल्याला होकार कळवलाय. आई जरा नाराज आहे, तिच्याशी तुम्हीच एकदा बोला. पाणी मारायला शेजारचा मुलगा सकाळ-संध्याकाळ येईल, त्याची मजुरीही ठरवली. इंजिनिअर गुरुवारी सळई बघायला येतोय.